कुरणाकडे तोंड केलेला कागद

मित्रांनो, या वाटेने जाताना जरा खाली पाहिलेत, तर दगडमातीच्या बांधाच्या पायथ्याशी, अंगाला झोंबणाऱ्या खाजऱ्या पाल्यात पाच आडव्या फळ्या पडलेल्या दिसतील. ते मी. मी एक जुने फाटक आहे. आहे म्हणते ते सवयीने. फाटकाला दोन बाजू लागतात, एक आतली आणि एक बाहेरची. माझ्या एका बाजूला चिखल आहे आणि दुसऱ्या बाजूला आभाळ, त्यामुळे आता मला नक्की काय म्हणायचे ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म इथलाच, कॉर्नवॉलमधला. प्रार्थनाघरामागचा ओकवृक्ष एका हिवाळी वादळात आडवा झाला आणि गावच्या सुताराने त्यातून मला घडवले. दोन ग्रॅनाइटच्या खांबांमध्ये मला टांगले. पण मला आवाज दिला तो डेन्झिल ट्रेविनने. तेव्हा तो नवा नवरदेव होता. लोहाराच्या भात्यापाशी बसून त्याने माझी कडी स्वतः ठोकून काढली. फाटक नुसते ढकलायचे, की कडी आपोआप खाचेत पडायची. टक्. ना जास्त, ना कमी. डेन्झिल म्हणायचा, "बायको रुसली तर तिचं दार आपटतं, माझं फाटक कधी आपटत नाही." हे तो बायको ऐकत असतानाच म्हणायचा.

रस्त्याच्या अलीकडे मी आणि माझ्यामागे कुरण. रस्त्याच्या पलीकडे घर, अंगण आणि गोठा. सकाळी दूध काढायच्या वेळी डेन्झिल यायचा, मला पार आत ढकलून बांधाच्या आतल्या अंगाला टेकवून ठेवायचा, आणि त्याच्या गाई रस्ता ओलांडून गोठ्याकडे जायच्या. दूध काढून झाले की त्या परत यायच्या आणि मग तो मला लावायचा. टक्. संध्याकाळी पुन्हा तेच. मोटारी थांबायच्या. कोणी भोंगा वाजवला तर डॅम्सन नावाची म्होरकी गाय मुद्दाम रस्त्याच्या मधोमध उभी राहून रवंथ करायची. मला लावल्यावर हीच डॅम्सन माझ्या वरच्या फळीवर गळा घासत बसायची. वर्षानुवर्षे घासून तिथे एक गुळगुळीत खळगा पडला होता. मित्रांनो, माझ्या अंगावरचा तो एकमेव दागिना.

आमच्याकडे एक नियम आहे. तो शाळेत शिकवत नाहीत. आईच्या दुधाबरोबरच येतो. शेतातले फाटक जसे सापडेल तसे ठेवायचे. उघडे असेल तर उघडे, बंद असेल तर बंद. जुन्या गिरणीच्या घरात राहायला आलेल्या ब्लाउंटबाईंना हे ठाऊक नव्हते. त्या लंडनहून आल्या होत्या, शांततेसाठी. नवऱ्याला झोप लागत नसे. पहिल्याच वर्षी एका सकाळी त्यांना मी उघडे दिसले. कोणीतरी विसरले असेल असे वाटून त्यांनी मला प्रेमाने लावून घेतले. दूध काढून परतलेल्या गाई बंद फाटकासमोर थांबल्या, कंटाळल्या, आणि गिरणीच्या बागेत शिरून सगळे गुलाब खाऊन आल्या.

ब्लाउंटबाई तक्रार घेऊन आल्या तेव्हा डेन्झिलने उलट त्यांचीच हजेरी घेतली.

"बाई, देवानं दहा आज्ञा दिल्या. अकरावी आम्ही दिली. फाटकाला हात लावायचा नाही!"

"पण ते उघडं होतं, मिस्टर ट्रेविन!"

"उघडं असणं हेच त्याचं काम होतं."

बाई लाल होऊन गेल्या. त्यानंतर त्या माझ्याजवळून जाताना हात पाठीमागे बांधून घेत.

मग ते वर्ष आले. जनावरांचे डॉक्टर आले, गाईंच्या मानेत सुया टोचून गेले, आणि काही दिवसांनी परत येऊन मानेवरच्या गाठी मोजू लागले. गाईंना क्षय निघाला होता. आधी काही सरकारने कापायला नेल्या. पुन्हा तपासणी झाली, आणखी गेल्या. शेवटच्या खेपेला सगळ्याच. गुरे न्यायची मोठी गाडी रस्त्यात उभी होती. मला उघडायला सरकारी माणूस पुढे झाला, तर डेन्झिल म्हणाला, "थांबा. त्या तुमच्यासाठी यायच्या नाहीत." त्याने मला उघडले. डॅम्सन सवयीने गोठ्याकडे वळली. तो तिच्या कानाशी काहीतरी बोलला आणि ती वळून गाडीच्या फळीवर चढली. त्याच्यावर विश्वास ठेवून चढली. मी फाटक आहे, मला फारसे काही समजत नाही, पण एवढे समजले.

त्यानंतर डेन्झिल बोलेनासा झाला. गावच्या बँडमध्ये तो पितळेचे एक मोठे, गुबगुबीत वाद्य वाजवायचा. तेही त्याने चादरीत गुंडाळून ठेवले. बायको केव्हाच देवाघरी गेली होती. घरात तो आणि मुलगी केरेन्झा. ती शहरातल्या वृद्धाश्रमात लांब पाळीत काम करायची. उजाडायच्या आत निघायची, दिवस मावळताना परतायची.

मार्चमधल्या एका रविवारी ती बापाला हाताला धरून माझ्यापाशी घेऊन आली. कुरण मध्यभागी वाटीसारखे खोलगट आहे. तिकडे बोट दाखवून ती म्हणाली, "बाबा, एकच संध्याकाळ. जूनमधला मधला शनिवार. आपला बँड, प्रार्थनाघराचे गाणारे, आणि बंदराकडची ती फिडलवाली पोरं. लोक उतारावर बसतील, पेस्टी खातील, ऐकतील आणि घरी जातील."

"पेस्टी खातील आणि पाणी पितील?"

"बिअर पितील. म्हणून तर कौन्सिलचा परवाना लागतो."

"गाईंच्या कुरणात माणसं चारायची!"

"माणसं तरी चारू या, बाबा."

 तो म्हणाला, "मकावाला दर आठवड्याला फोन करतो. त्याला हे सगळं हवंय. बांध पाडून सलग मका लावणार. मी त्याला सप्टेंबरअखेर, मिकलमसच्या सणापर्यंत थांब म्हटलंय." त्याने फळीवरच्या खळग्यात हात ठेवला. "या उन्हाळ्यात इथं पुन्हा पावलं वाजली तर राहू आपण. नाही वाजली तर सही करतो. मला हे रिकामं बघवत नाही, केरेन्झा."

"आणि वाद्य? वाजवाल?"

"परवाना तर मिळू दे."

ते 'हो' नव्हते. पण ती त्याला 'हो'च समजली. त्या दिवशी ती रस्ता ओलांडून चक्क उड्या मारत घरी गेली. चाळिशीची बाई!

मित्रांनो, परवाना मागणाऱ्याने एक निळा कागद आपल्या हद्दीवर लावायचा असतो. कोण, कुठे, कधी, किती वाजेपर्यंत, आणि कोणाला हरकत असेल तर त्याने कुठे कळवायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला तो रस्त्यावरून वाचता आला पाहिजे, सलग अठ्ठावीस दिवस. केरेन्झाने तो कागद पावसापासून जपायला पारदर्शक पिशवीत घातला आणि डॅम्सनच्या खळग्याच्या अगदी खाली चार टाचण्यांनी माझ्यावर बसवला.

"बाबा, हा रस्त्यावरून दिसायला हवा. लक्षात ठेवा हं."

"हं," डेन्झिल म्हणाला. तो कुरणाकडे बघत होता.

मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! गाई गेल्यापासून मी कशासाठी उभे होते हे मलाच कळत नव्हते. आत कोणी नाही, मग अडवायचे कोणाला? आता माझ्या छातीवर निळा कागद होता.

दुसऱ्या दिवशी केरेन्झा अंधारातच कामाला गेली. गाडीच्या दिव्यात तिने मला बंद आणि कागद जागच्या जागी पाहिला. ती गेल्यावर, दूध काढायच्या वेळी, डेन्झिल आला. त्याने कडी वर केली, मला आत ढकलले आणि थेट मागे नेऊन बांधाला टेकवले. गाई गेल्यापासून तो रोज असेच करत होता, हे केरेन्झाला ठाऊक नव्हते. तो बाजूला उभा राहिला. गाई जायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ थांबला. मग गोठ्यात गेला. गाई दूध देऊन परत यायच्या असतात, म्हणून मी उघडेच राहिले. त्या परत आल्या नाहीत, म्हणून मला कोणी लावले नाही. दिवस कलता कलता तो पुन्हा आला, कुरणभर नजर फिरवली आणि मला लावले. टक्. पाठोपाठ केरेन्झाची गाडी आली. कागद जागच्या जागी.

रविवारी ती घरी असली की तो यायचाच नाही. लेकीसमोर हे वेड उघडे करायची त्याला लाज वाटत असावी.

आता तुमच्या लक्षात आलेच असेल. दिवसभर माझी रस्त्याकडची बाजू कुरणाकडे वळलेली असायची. निळा कागद सांगत होता की इथे संगीत होणार आहे, बँड येणार आहे, कोणाची हरकत असेल तर कळवा. सांगत होता कोणाला? गवताला. ज्यांना कधी वाचता आले नाही आणि ज्या आता नव्हत्या, त्यांना.

तसे माझ्यासमोरून काय कमी लोक गेले? रोज पोस्टाची मेरिन गाडी थांबवून प्रार्थनाघराचा ऑर्गन वाजवणाऱ्या म्हाताऱ्या हेडलीशी गप्पा मारायची, माझ्यापासून हातभर अंतरावर.

"डेन्झिलनं फाटक उघडं टाकलंय वाटतं," हेडली म्हणाला.

"टाकलं नाही, ठेवलंय. काहीतरी असेल त्याच्या मनात."

"गाई तर नाहीत."

"म्हणून काय झालं? तुमच्या डोक्यावर केस नाहीत, तरी कंगवा ठेवताच ना खिशात?"

"कंगवा माझा आहे. फाटक त्याचं आहे." हेडली टोपी नीट करत म्हणाला. "आपण नाही हात लावायचा."

आणि नाही लावला. कोणीच नाही लावला. फिरायला येणारे आले, कुत्री घेऊन आले, शाळेतली मुले आली. सगळे वळणाचे, चांगल्या घरचे. सगळ्यांनी मला जसे सापडले तसे ठेवले. एखादा तरी उनाड निघावा, टवाळकी म्हणून मला ढकलून द्यावे, अशी मी वाट पाहत राहिले. आमच्या गावात उनाड माणूस नाही हो.

ब्लाउंटबाईही यायच्या. हात पाठीमागे बांधून. एके दिवशी मात्र, कार्यक्रमाचे कुठूनतरी कानावर आले असावे, त्यांनी हात पुढे केले तेव्हा हातात फोन होता. उघड्या जागेतून आत वाकून त्यांनी माझा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

मे महिन्यात कौन्सिलच्या परवाना विभागाच्या नॅन्करोबाई आल्या. गाडीच्या डिकीतून गमबूट काढून त्यांनी ते रस्त्यातच पायात चढवले, यावरून ही शेतकऱ्याघरची आहे हे मी ओळखले. केरेन्झा अर्धी रजा काढून कामावरून नुकतीच पोहोचली होती. ब्लाउंटबाईही आल्या होत्या. डेन्झिल टोपी हातात घेऊन जरा मागे उभा होता. दूध काढायची सकाळची वेळ होऊन गेली होती आणि मी उघडे होते.

केरेन्झाने मला दिवसाउजेडी पहिल्यांदा असे पाहिले. "हे कोणी उघडलं?"

 नॅन्करोबाईंनी ब्लाउंटबाईंनी पाठवलेले फोटो दाखवले. सोमवारचा, मंगळवारचा, बुधवारचा. प्रत्येकात मी बांधाला टेकलेले आणि कागदाचे तोंड आत.

"कागद लावला नव्हता असं मी म्हणत नाही, मिस ट्रेविन. पण रस्त्यावरून वाचता येत नव्हता. हरकत घेणाऱ्याला कळलंच नाही, तर अर्ज पुढं नेता येत नाही मला."

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम लपवताय," ब्लाउंटबाई म्हणाल्या. "आमच्या यांना रात्र रात्र झोप नसते. निदान कोणी विचारायला तरी हवं होतं आम्हाला."

"रोज येऊन फोटो काढलेत," केरेन्झाचा आवाज चढला. "एकदा नुसतं ढकलून बंद केलं असतंत तर?"

"मी? या फाटकाला हात लावू?" बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. "तुमच्याच वडिलांनी मला..."

"हे रोज उघडतं कोण?" नॅन्करोबाईंनी विचारले. दटावून नाही, साधेच.

डेन्झिल एक पाऊल पुढे आला. त्याचा हात आपोआप माझ्या खळग्यावर गेला. केरेन्झाने तो हात पाहिला. मग तिने खाली पाहिले. माझ्या वळण्याच्या वाटेवर गवत कोयत्याच्या आकारात झिजले होते, आणि तिथेच बाजूला, एकाच माणसाच्या बुटांनी, उभे राहून राहून जमीन उघडी पडली होती. गाई जाताना गुराखी जिथे उभा राहतो, नेमकी ती जागा. तिचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

डेन्झिलने तोंड उघडले, तोच ती म्हणाली, "कडी! कडी मोडकी आहे. वाऱ्यानं उघडतं."

"कडी?" डेन्झिल म्हणाला.

"हो, बाबा. किती दिवस सांगतेय तुम्हाला. खाचेत बसतच नाही ती."

मित्रांनो, माझ्या कडीने जन्मात कधी दगा दिला नव्हता. जहाजे फोडणाऱ्या वाऱ्यात मी लावलेले राहिले होते. पण त्या क्षणी माझी फक्त एकच इच्छा होती, की मी खरोखर मोडके असावे.

नॅन्करोबाईंनी माझ्याकडे पाहिले, मग डेन्झिलच्या हाताकडे. कडी हलवून पाहायला त्या पुढे झाल्या नाहीत. "असेल," त्या हळूच म्हणाल्या. "पण वारा असो की काही असो, मला कागद पुन्हा लावायला सांगावंच लागेल. पुन्हा अठ्ठावीस दिवस. मग सुनावणी."

"तोवर जून संपला. बँडला तोच एक शनिवार मोकळा आहे."

"माहीत आहे मला. माझा भाऊ त्याच बँडमध्ये ढोल वाजवतो." त्या गमबुटांकडे बघत राहिल्या. "पुढच्या वर्षी वेळेत अर्ज करा. मी स्वतः लक्ष घालीन."

पुढचे वर्ष! जिला काही द्यायचे नसते, ती दुनिया नेहमी पुढचे वर्ष देते.

केरेन्झा फोन करायला घरात गेली. बँडला, गाणाऱ्यांना, फिडलवाल्या पोरांना. रस्ता रिकामा झाला. थोड्या वेळाने डेन्झिल आला, तेलाचा डबा आणि हातोडी घेऊन. लेक किती दिवस सांगत होती आणि आपण ऐकले नाही, असा अपराधी चेहरा करून तो आला होता. त्याने मला लावले. टक्.

तो थबकला. कडी उचलून पुन्हा सोडली. टक्. मला हिसडा दिला. मी जागचे हलले नाही. मी काय करणार होते? जसे बनवले तसेच मी. त्याने पुन्हा एकदा पाहिले. टक्.

मग त्याने केरेन्झासारखेच खाली पाहिले. गवतातल्या त्या कोयत्याकडे. स्वतःच्या बुटांनी उघड्या पाडलेल्या जागेकडे. हळूहळू तो निळ्या कागदाकडे वळला आणि कदाचित पहिल्यांदाच त्याने तो सगळा वाचला, बोट फिरवत, कलाकारांच्या ओळीपर्यंत. बँडच्या नावापुढे केरेन्झाने त्याचे नाव घातले होते.

एकदा त्याने घराच्या खिडकीकडे पाहिले. लेक पाठमोरी उभी राहून फोनवर बोलत होती.

डेन्झिलने हातोडी उचलली आणि कडीवर घातली. एकदा. दोनदा. जी त्याने लोहाराच्या भात्यापाशी बसून ऐन जवानीत घडवली होती, ती वाकली, खिळा सुटला, आणि ती एका बाजूला लोंबू लागली. मला दुखले का, असे विचाराल तर मी लाकूड आहे. पण तो रडत होता, आणि ते पाणी माझ्यावर पडत होते.

आवाज ऐकून केरेन्झा धावत आली. "बाबा, काय करताय?"

"कडी बघत होतो." त्याने हातोडी कोटात सरकवली. "तू म्हणालीस ते खरं आहे. पार कामातून गेलीय."

केरेन्झाने लोखंडावरची ताजी, चकचकीत खोक पाहिली. तिने त्यावर अंगठा फिरवला. "हो, बाबा," ती म्हणाली. "जुनीच झाली होती."

"आधीच दुरुस्त करायला हवी होती मी."

"असू दे. चला, चहा टाकते."

गवताचे गठ्ठे बांधायच्या नारिंगी सुतळीने त्यांनी मला खांबाला बांधून टाकले. त्यानंतर दूध काढायच्या वेळी कोणी आले नाही. जूनमधला तो शनिवार लख्ख उन्हाचा निघाला. वाराही नव्हता. कुरणातून कोणाचेच पाऊल वाजले नाही.

मिकलमसला सह्या झाल्या. सामान भरलेली गाडी माझ्यासमोर थांबली. डेन्झिल उतरला. मागच्या काचेतून चादरीत गुंडाळलेले ते वाद्य दिसत होते. त्याने सुतळी सोडली, मला थोडे पुढेमागे केले आणि मग सुतळी हातात धरून तसाच उभा राहिला.

"उघडं ठेवायचं की बंद?" केरेन्झाने गाडीतूनच विचारले.

"जसं सापडलं तसं." तो गोंधळलेला दिसला. "आपल्याला सापडलं तेव्हा कसं होतं गं हे?"

केरेन्झाने स्टिअरिंगवर कपाळ टेकले. मग ती म्हणाली, "बंद होतं, बाबा. आत गाई होत्या."

त्याने मला बंद केले. कडी पडली नाही, म्हणून सुतळीच्या दोन गाठी मारल्या. दोन्ही गाठी ओढून पाहिल्या. मग तो गाडीत जाऊन बसला.

मकावाल्याच्या यंत्राला माझी रुंदी पुरेना. त्याने लोखंडी फाटक बसवले आणि मला इथे टाकले. एका टाचणीखाली अजून निळ्या कागदाचा कोपरा आहे. उन्हाने तो पांढरा पडला आहे.

मित्रांनो, मला उचला, रंगवा, तेल घाला असे मी म्हणणार नाही. त्याची वेळ गेली. तुमच्या वाटेवर एखादे फाटक उघडे दिसले तर ते तसेच ठेवा. नियम चांगला आहे, तो पाळा. पण आत गाई नसताना कोणी ते रोज उघडत असेल, तर नुसते पुढे जाऊ नका. रस्ता ओलांडा, पलीकडचे दार वाजवा आणि आत जो कोणी असेल त्याच्याजवळ थोडा वेळ बसा.